ताटातून उठलेली भाकरी

‘मुले भाकरी खातच नाहीत,’ ही तक्रार आज मुखेडसारख्या तालुक्याच्या गावीही घरोघरी ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. मुलांनी ज्वारी नाकारली त्याआधी ती आपण, मोठ्यांनी, नाकारली.

एकेकाळी नांदेड-लातूरचे शिवार ज्वारीचे होते. पाखरांपासून राखण, काढणीच्या पावसात काळे पडणारे कणीस आणि हाती येणारा तुटपुंजा भाव यांमुळे शेतकरी सोयाबीनकडे वळला. त्यास दोष कसा द्यावा? पण शेतातून ज्वारी गेली, तशी ताटातूनही गेली. रेशनचा गहू-तांदूळ आला. पाहुण्यांसमोर पोळी ही प्रतिष्ठा ठरली आणि भाकरी गरिबीची खूण. मुले बोलण्यातून नव्हे, वागण्यातून शिकतात. त्यांनी हे अचूक टिपले.

परिणाम काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरपैकी सुमारे ६९ बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण सुमारे ५४ होते. याची कारणे अनेक आहेत. मात्र आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील प्रमुख होय. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह आणि तंतू कितीतरी अधिक असतात. २०१८ साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. औषध आपल्याच अंगणात आहे आणि आपण मात्र नातवाच्या हातावर पाकिटासाठी पाच रुपये ठेवतो!

शासनाने काहीच केले नाही असे नाही. १९९५ पासून शालेय पोषण आहार योजना सुरू आहे. २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत अरबट-चरबट पदार्थांना बंदी झाली. परंतु शाळेच्या फाटकाबाहेरची टपरी आणि घरातील फडताळ यांवर कोणत्या आदेशाने अंकुश बसणार? ते काम घराचेच.

वेळ अमावस्येचा दिवस आठवा. शेतात सारे कुटुंब एकत्र बसते. भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि आंबील यांवर तीच मुले ताव मारतात. तेथे कोणी जीवनसत्त्वांवर व्याख्यान देत नाही, की धाक दाखवत नाही. सर्वजण तेच खातात, आनंदाने खातात, एवढेच पुरते.

वर्षातला तो एक दिवस आठवड्यात आणता येणार नाही काय? रोज निदान एक जेवण दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवून एकत्र व्हावे. भाकरी प्रथम वडिलांच्या ताटात पडावी, मग मुलांच्या. पाकिटाच्या पैशांतून शेंगदाणे, गूळ, केळी यावीत. लहानग्यांना भाकरी थापू द्यावी. वाकडी का होईना, स्वतः थापलेली भाकरी मूल टाकत नाही.

मुलांच्या जिभेला वळण लावायचे असेल, तर आरंभ आपल्या ताटापासून करावा लागेल.