तो तिथे गेलाच कशाला?

युद्धाच्या प्रदेशात एखादा पत्रकार ओलीस धरला गेला, की आपल्याकडील सुशिक्षित चर्चेत एक प्रश्न ठरलेला असतो : 'तो तिथे गेलाच कशाला?' वरकरणी हा प्रश्न व्यवहारी शहाणपणाचा वाटतो. आमच्या मते तो कृतघ्नपणाचा आहे. आणि साहित्याचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांच्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही.

डॅनियल पर्ल यांचे उदाहरण घेऊ. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे दक्षिण आशियाचे प्रमुख असलेले पर्ल आपल्या मुंबईत राहत होते. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटके दडवून विमानात चढलेल्या रिचर्ड रीडचे पाकिस्तानातील धागेदोरे तपासण्यासाठी ते कराचीला गेले. २३ जानेवारी २००२ रोजी ते एका मुलाखतीसाठी बाहेर पडले आणि परतले नाहीत. त्यांना बेदरकार म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की भेटीपूर्वी त्यांनी जाणकारांचा सल्ला घेतला होता, आणि 'सार्वजनिक ठिकाणीच भेटा' हा सल्ला पाळून ते एका उपाहारगृहापाशी गेले होते. बेपर्वाई म्हणतात ती ही नव्हे.

'ओलीस' हा आपल्या भाषेतला जुना शब्द. १६६५ च्या पुरंदरच्या तहात बाल संभाजीराजांना मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत राहावे लागले, ते दिलेल्या शब्दाचे तारण म्हणून. तिथे ओलीस देणारा होता, घेणारा होता, दोघांमध्ये करार होता. पत्रकार कुणाचे तारण असतो? तो ना कुठल्या सैन्याचा, ना कुठल्या दरबाराचा. त्याला धरणारा आधी त्याला बळेच कुणाचा तरी प्रतिनिधी बनवतो. पर्ल यांना प्रथम सीआयएचे हेर ठरवले गेले, मग मोसादचे. माणूस पुसून त्याचे प्रतीक करायचे आणि मग त्या प्रतीकावर सूड उगवायचा, अशी ही रीत आहे.

हे केवळ परक्या गोऱ्या पत्रकाराचे कौतुक आहे, असा आक्षेप येईल. म्हणून आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या विजापूर जिल्ह्याकडे पाहावे. 'देशबंधु'चे साई रेड्डी यांना २००८ मध्ये पोलिसांनी माओवाद्यांचे समर्थक ठरवून तुरुंगात टाकले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये माओवाद्यांनी त्यांना पोलिसांचे हस्तक ठरवून ठार केले. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी परस्परांचा प्रतिनिधी ठरवले. तो बातमीदार आहे, एवढी साधी गोष्ट मात्र कुणालाच मान्य नव्हती. 'गेलाच कशाला' हा प्रश्न इथे तर विचारताही येत नाही. रेड्डी कुठे गेलेच नव्हते. युद्धच त्यांच्या गावात आले होते.

आम्ही राहतो त्या विश्रांतवाडीत लोहगावच्या धावपट्टीवरून उडणारी लढाऊ विमाने बोलणे मध्येच थांबवतात. एका अंगाला दिघी-कळसच्या संरक्षण संस्था आहेत. युद्धाची सामग्री अशी शेजाराला असूनही युद्धात माणसांचे काय होते, हे आपल्याला कुणीतरी तिथे जाऊन सांगितल्यावाचून कळत नाही. त्या 'कुणीतरी'लाच आपण अविचारी म्हणतो.

पुण्याचे या प्रकरणाशी नाते आणखी निराळे आहे. पर्ल यांच्या पत्नीच्या आठवणींवर आधारलेल्या 'अ मायटी हार्ट' (२००७) या चित्रपटासाठी २००६ मध्ये पुणे कराची झाले होते. त्या वेळी चर्चा गाजली ती हॉलिवूडच्या तारकांनी केलेल्या रिक्षाफेरीची! प्रसिद्धीचा हा न्याय आपण समजू शकतो. परंतु ज्यांचा धंदाच संहितेचे बारकाईने वाचन करणे हा आहे, त्यांनी तरी रिक्षेपलीकडे पाहायला हवे होते.

पाहिले असते, तर एक भयंकर साखळी दिसली असती. पर्ल यांच्या अपहरणाचा खटला ज्याच्यावर मुख्यतः चालला, त्या ओमर सईद शेखला भारताने डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेल्या विमानातील ओलिसांच्या बदल्यात सोडले होते. २००२ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. २०२० मध्ये सिंध उच्च न्यायालयाने खुनाचा दोष काढून केवळ अपहरणाचा ठेवला. २०२१ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही पुसला. ही साखळी आपल्याला ठाऊक आहे ती बातमीदारांमुळेच.

आपली समीक्षा 'अनुभवाची सचोटी' हा शब्दप्रयोग फार आदराने वापरते. मात्र ती सचोटी कवीच्या अंतर्मनात शोधली जाते. चार जणांकडून पडताळून घेतलेल्या वाक्यात ती असू शकते, हे तिला पटत नाही. वृत्तलेखन म्हणजे घाईचे, आणि म्हणून दुय्यम, हा आपला जुना जातिभेद आहे. ज्या वाक्याची किंमत लिहिणाऱ्याला स्वातंत्र्याने किंवा प्राणाने मोजावी लागू शकते, ते वाक्य एम.ए.च्या वर्गात सूक्ष्म वाचनाला लायक का नसावे? कोण बोलते, कुणाला विचारले, काय गाळले, का गाळले, हे प्रश्न कथेइतकेच वार्तापत्रालाही विचारता येतात.

पत्रकाराला हुतात्मा म्हणून देव्हाऱ्यात बसवणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. तेही प्रतीकच, फक्त फुले वाहिलेले. दोन्ही वाटांनी हरवते ते एकच : त्याचे अपुरे राहिलेले काम. तेव्हा प्रश्नच बदलावा. तो तिथे गेलाच कशाला, असे नव्हे. तो काय शोधायला गेला होता, आणि ते आपल्याला कळू नये असे कुणाला वाटत होते? हा प्रश्न जो वाचक विचारणार नाही, त्याने आपल्या वाचनसंस्कृतीचा अभिमान जरा बेताने बाळगावा.