सदोष हिऱ्याचें मोल

जवाहिऱ्याच्या दुकानीं हिऱ्यांतील दोष त्याचें मोल उतरवितो. प्रयोगशाळेंत एक विशिष्ट दोषच त्यास मोल आणितो. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. त्यांत एका परमाणूच्या जागीं नत्राचा परमाणु येऊन बसला आणि लगतची जागा रिकामी राहिली, कीं तेथील इलेक्ट्रॉन अतिसूक्ष्म होकायंत्राप्रमाणें वागूं लागतात. त्यांवर हिरवा प्रकाश टाकिला असतां तांबडा प्रकाश बाहेर पडतो. सोबत सूक्ष्मलहरी सोडिल्या म्हणजे त्या तांबड्या प्रकाशाच्या चढउतारावरून जवळचें चुंबकीय क्षेत्र मोजतां येतें. १९९७ सालीं असा एकटा दोष प्रथम न्याहाळला गेला, व २००८ सालीं त्याचें मापनयंत्र झालें. यासच क्वांटम संवेदक म्हणतात.

आतां मोजावयाचें तें काय? इलेक्ट्रॉनाच्या अंगीं विद्युद्भाराखेरीज ‘स्पिन’ नांवाचा गुण असतो. लोहचुंबकाचें सामर्थ्य मुख्यतः त्यांतूनच येतें. तारेंतून वीज जातांना इलेक्ट्रॉन स्वतः चालतात व तार तापते. परंतु यट्रियम, लोह व प्राणवायु यांच्या एका स्फटिकांतून वीज जात नाहीं, तरी स्पिन जातो. जोंधळ्याच्या शेतावरून वारा वाहिला म्हणजे ताटें आपली जागा सोडीत नाहींत, कणसें मात्र डोलतात आणि लाट थेट बांधाला पोंचते. तसाच हा प्रकार. ब्लॉख यांनीं अशा लाटांची कल्पना १९३० सालींच मांडिली होती. २०१७ सालीं हार्वर्ड येथील संशोधकांनीं त्या स्फटिकाच्या पातळ थराजवळ हिऱ्यांतील दोष ठेवून, स्पिनची दाटी कोठें किती झाली, हें मोजलें.

या विद्येपासून न तापणारीं गणकयंत्रें निघतील, असें पुष्कळजण सांगतात. मला हा उतावीळपणा वाटतो. स्पिनची लाट थोडक्या अंतरांतच विरते. ती कोठें व कशी विरते, हें आधीं मोजावयास हवें. खरी थोरवी मला या हिऱ्याच्या सौम्यपणांत दिसते. चुंबकाची सुई जवळ नेली तर ती पातळ थराच्या चुंबकत्वास स्वतःच ढकलूं पाहते; हा दोष इतका क्षीण चुंबक आहे कीं, पाहिल्यानें पाहिलेली वस्तु फारशी बिघडत नाहीं.

भारत सरकारनें २०२३ सालीं राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठीं ६००३.६५ कोटि रुपये मंजूर केले. त्यांतील संवेदक व मापन यांचें केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे. आमचीं मुलें तेथें जातील काय, असें पालक विचारतात. कां न जावीं? पण आज पुष्कळ शाळांतून मुलें होकायंत्राचा कांटा किती अंश वळला तें न पाहतां, पुस्तकांतील उत्तरावरून उलट गणित करून प्रयोगवहींत आंकडा भरतात. कारण गुण ‘बरोबर’ उत्तरास मिळतात. स्वतः मोजलेल्या आंकड्यास, तो वेडावांकडा असला तरी, अधिक गुण द्यावे, असें माझें मत आहे. प्रथम कांहीं महिने चांगल्या चांगल्या मुलांचेहि गुण उतरतील. तेवढे महिने पालकांनीं मुख्याध्यापकांकडे तक्रार आणूं नये.