लॅपटॉप म्हातारा झालाय की फक्त विंडोज?

तुमच्या घरातला लॅपटॉप २०१८च्या आधी घेतलेला आहे का? असेल तर अधूनमधून स्क्रीनवर एक पाटी झळकत असेल, 'तुमचा कम्प्युटर विंडोज ११साठी पात्र नाही' अशा अर्थाची. घरातले सगळे ती बंद करून पुढे जातात. आईचं यूट्यूब चालतंय, बाबांचं एक्सेल उघडतंय, तुमचे फॉर्म भरले जातायत, मग काळजी कशाला?

काळजी एवढ्यासाठी की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी एकही लॅपटॉप बंद पडला नाही, म्हणून बहुतेक घरांत हा विषय निघालाच नाही. थांबले ते सिक्युरिटी अपडेट्स. आपण ज्यांना 'ऐन सबमिशनच्या वेळी येणारी कटकट' म्हणतो, तेच.

ही कटकट का हवी, याचं उदाहरण आपल्या उरणजवळचं आहे. जून २०१७मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसनं युक्रेनपासून सुरुवात करून जगभर धुमाकूळ घातला. जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं कामही त्यात ठप्प झालं. हा व्हायरस पसरण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे विंडोजमधलं एक भगदाड होतं. ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. अनेकांनी तो टाकलाच नव्हता. आता विंडोज १०मध्ये नवं भगदाड सापडलं, तर तुमच्या लॅपटॉपपर्यंत पॅच पोहोचणारच नाही. आणि त्याच लॅपटॉपवरून बाबांचं नेट बँकिंग होतं.

कंपनीचं म्हणणं काय?

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. विंडोज १० आलं जुलै २०१५मध्ये. दहा वर्षं अपडेट्स फुकट मिळाले, हे कमी नाही. विंडोज ११साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो (इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून). त्यामागे सुरक्षिततेचं कारण दिलं जातं आणि ते खोटं नाही. पण परिणाम काय झाला? आय-५ प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम असलेला, व्यवस्थित चालणारा लॅपटॉप केवळ सातव्या पिढीचा आहे म्हणून बाद ठरला. त्याचा कीबोर्ड झिजलेला नाही, स्क्रीन फुटलेली नाही. त्याला अपडेट्स देण्याची मुदत तेवढी संपली आहे.

आता तुमच्यासमोर चार वाटा आहेत.

पहिली वाट मुदतवाढीची. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सिक्युरिटी अपडेट्सची सोय ठेवली आहे. विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला जोडला तर पैसे पडत नाहीत. तुम्ही अजून हे केलं नसेल, तर बाकी काही ठरवण्याआधी ते करा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. मात्र हा उपाय नाही, विचार करायला मिळालेला वेळ आहे.

दुसरी वाट दुकानातली. 'दे इकडे, अकरा टाकून देतो' असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक गल्लीत असतो. चिपची अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं, हे खरं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट्स मिळतील याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टनंच स्पष्ट केलं आहे. त्यात ते विंडोज क्रॅक्ड असेल तर विषयच संपला. ज्या 'ॲक्टिव्हेटर'साठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, तो प्रोग्रॅम कुणी लिहिलाय हे तुम्हालाही ठाऊक नसतं आणि दुकानदारालाही.

तिसरी वाट नव्या लॅपटॉपची. पैसे असतील आणि गरज असेल तर सगळ्यात सोपी. पण वेळ वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स इतक्या ओढून घेतल्यात की २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. मायक्रॉनसारख्या बड्या कंपनीनं तर डिसेंबरमध्ये आपला 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. रॅम महागली की लॅपटॉप महागतो. जुना नीट चालत असताना आत्ताच नवा घ्यायचा का, हा प्रश्न घरात नक्की विचारा.

चौथी वाट म्हणजे त्याच लॅपटॉपवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. लिनक्स.

लिनक्स म्हणजे काळ्या स्क्रीनवर टाइप करणं?

लिनक्स म्हटलं की हॅकरच्या सिनेमातली हिरवी अक्षरं आठवतात. पण तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर लिनक्स तुम्ही रोज वापरताच. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१मध्ये लिहायला घेतलेला गाभा अँड्रॉइडच्याही पोटात आहे. लॅपटॉपसाठी याच गाभ्यावर उबंटू, लिनक्स मिंट, झोरिन अशा अनेक सिस्टीम्स बनतात. त्या फुकट आहेत आणि त्यांना क्रॅक लागत नाही. नवख्यांसाठी मिंट बरी, कारण तिचा मेनू, खालची पट्टी, फोल्डर सगळं विंडोजच्या जवळचं वाटतं. दोन जीबी रॅमवर ती चालू होते, चार जीबीवर नीट चालते. सध्याच्या मिंट २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत.

'हे आपल्याकडच्या साध्या माणसांना जमेल का?' या शंकेचं उत्तर केरळमध्ये आहे. तिथल्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं मुलं लिनक्सवरच कम्प्युटर शिकतात. शाळेसाठी तयार केलेली वेगळी आवृत्तीसुद्धा आहे. ती मुलं काही जन्मतः हुशार नाहीत. त्यांना सुरुवातीपासून तेच समोर ठेवलं गेलं, एवढंच.

पण सगळ्यांनी वळू नये

इथेच थांबून एक कागद घ्या. या लॅपटॉपवर घरातलं कोण काय करतं, याची यादी करा. 'मी' नाही, 'घर'. लॅपटॉप बहुतेक घरांत सामायिक असतो आणि नेमकं हेच उत्साहात विसरलं जातं.

यादीतली जी कामं ब्राउझरमध्ये होतात, त्यांची चिंता सोडा. महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा अर्ज, सीईटी सेलचं रजिस्ट्रेशन, एमपीएससीचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट, शेअर बाजार, व्हॉट्सॲप वेब, ओटीटी हे सगळं लिनक्समध्येही क्रोम किंवा फायरफॉक्सवर चालतं. कोडिंग शिकत असाल तर उलट फायदाच. पायथन, सी, जावा, अँड्रॉइड स्टुडिओ सगळं तिथे आहे.

अडचण येते ती ठरावीक सॉफ्टवेअरपाशी. कॉमर्सवाल्यांचं टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांचं ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स, डिझाइनवाल्यांचं फोटोशॉप, प्रीमियर आणि कोरलड्रॉ यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. गेमिंगमध्ये स्टीमवरचे पुष्कळ गेम आता चालतात, पण व्हॅलोरंट नाही, त्याची अँटिचीट यंत्रणा लिनक्सला आत घेत नाही. घरून ऑनलाइन परीक्षा द्यायची असेल तर परीक्षेचं सॉफ्टवेअर कोणत्या सिस्टीमवर चालतं, हे त्या संस्थेलाच विचारा.

मराठीचा मुद्दा वेगळा. युनिकोडमध्ये, म्हणजे इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्डनं टाइप करत असाल तर लिनक्समध्ये दोन्हींची सोय आहे. पण घरात कुणी डीटीपीचं काम श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये करत असेल, तर त्या कामासाठी विंडोज ठेवावंच लागेल. वर्डच्या फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण फाँट बदलला की टेबल आणि पानं सरकतात. प्रोजेक्ट रिपोर्ट सरांना पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

यादीत अशी दोन-तीन अडेलतट्टू कामं निघाली आणि ती रोजची असली, तर लिनक्सचा हट्ट धरू नका. मुदतवाढ घ्या आणि नव्या लॅपटॉपसाठी पैसे बाजूला टाकायला लागा. एकच काम अडत असेल तर दोन्ही सिस्टीम्स शेजारी ठेवता येतात, त्याला ड्युअल बूट म्हणतात. फक्त त्यातल्या विंडोजवर १३ ऑक्टोबरनंतर नेट बँकिंग नको.

आधी चाखा, मग ताट वाढा

लिनक्सची एक गोष्ट फार कामाची आहे. ती न बसवता वापरून बघता येते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा). मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून साधारण तीन जीबीची फाइल उतरवा आणि रुफस किंवा एचर या फुकट सॉफ्टवेअरनं ती पेन ड्राइव्हवर लिहा. लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून पेन ड्राइव्ह निवडा. समोर दिसेल ती मिंट हार्ड डिस्कला हात न लावता चालते. त्यात वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ आणि प्रिंटर तपासा. आईला आणि बाबांना तासभर तिच्यावर बसवा. पेन ड्राइव्हवरून ती थोडी संथ वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

पटलं तर पुढचं पाऊल बॅकअपचं. फोटो, मार्कशीट्स, दाखले, बाबांच्या एक्सेल फाइल्स, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मोजू नका. विंडोजनं डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. ती नसेल तर ड्युअल बूटच्या खटाटोपात विंडोजची दारं तुमच्यावरच बंद होऊ शकतात.

आणि हे सगळं फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री करू नका. परीक्षा संपल्या की ॲडमिशनची धांदल सुरू होण्याआधी जो रिकामा वेळ मिळतो, तो यासाठी उत्तम. काही बिघडलंच तर निस्तरायला हाताशी दिवस असतात.

माणसांचं इन्स्टॉलेशन

शेवटचा मुद्दा तांत्रिक नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेनं २००३मध्ये लिनक्सकडे वळायचं ठरवलं. दहा वर्षांत जवळपास पंधरा हजार कम्प्युटर्स बदललेही. पण २०१७मध्ये तिथल्या सभागृहानं परत विंडोजकडे जायचा ठराव केला. कारणांवर अजून वाद आहेत, त्यात राजकारणही होतं. पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बाहेरच्यांशी फाइल्सची देवाणघेवाण करताना होणारा त्रास हे मुद्दे सतत येत राहिले. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य आता सुमारे तीस हजार कम्प्युटर्ससाठी तोच प्रयोग करतंय, आणि तिथे आधी ऑफिस, ईमेल असं एकेक बदलून मग ऑपरेटिंग सिस्टीमकडे जायचं ठरलंय.

घरातही हाच क्रम लावा. आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स टाका आणि महिनाभर सगळ्यांना वापरू द्या. मग सिस्टीम बदलली तरी बाबांना समोर ओळखीचीच चिन्हं दिसतील. आणि त्यांना प्रिंट काढता आली नाही तर 'किती सोप्पंय बाबा' म्हणत माऊस हिसकावून घेऊ नका. त्यांच्या हातात माऊस ठेवून दोनदा दाखवा, कारण तुम्ही हॉस्टेलला गेल्यावर तो लॅपटॉप त्यांनाच चालवायचाय.

तेव्हा आज मुदतवाढीची नोंदणी करा आणि जेवताना सगळ्यांसमोर कागदावर ती यादी करा. लिनक्स घ्यायचं की नाही, याचं उत्तर त्या कागदावर बरंचसं मिळेल.