पावडर की पेंट? आधी चाकाला विचारा!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड! त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. आधी कवितेचा प्रयत्न करून पाहिला, पण यमक काही जुळेना. मग ठरवलं, आपण मेकॅनिकलवाले, आपल्याला जे थोडंफार कळतं त्यावरच लिहावं. तर मंडळी, आजचा विषय आहे गाडीच्या चाकांचा रंग. हसू नका! या रंगावरून आमच्या घरी महिनाभर महाभारत झालं, आणि शेवटी जे कळलं ते कुठल्याही व्हायवामध्ये मला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे एक जुनी हॅचबॅक आहे. बाबांनी सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने अलॉय व्हील्स बसवली होती आणि मूळच्या स्टीलच्या रिम्स गाडीबरोबर तशाच देऊन टाकल्या. त्या गेली चार वर्षं आमच्या कोपरखैरणेच्या बाल्कनीत, आईच्या तुळशीच्या कुंडीखाली स्टँड म्हणून नोकरी करत होत्या. इकडे अलॉयचा रंग पापुद्रे निघून चालला होता. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर आणि मध्ये आपण. खारट दमट हवा आणि चार महिने पाऊस! नवी मुंबईत लोखंड तर गंजतंच, पण अ‍ॅल्युमिनियमही सुटत नाही. वरच्या क्लिअर कोटला एक चरा पडला की त्याखाली पांढऱ्या धाग्यांसारखी नक्षी पसरत जाते.

गणपतीला आम्ही दरवर्षी गाडीने संगमेश्वरला जातो. बाबा म्हणाले, ‘‘यंदा जायच्या आधी चाकं रंगवून घेऊ. आपल्या सानपाड्याच्या पेंटरकडे टाकतो.’’

झालं! मी उसळलेच. ‘‘बाबा, कुठल्या जमान्यात आहात? पावडर कोटिंग करायचं. पेंट आता कोण करतं?’’

आता पावडर कोटिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. हा कोरडा रंग असतो, पिठासारखी भुकटी. गनच्या टोकाशी ६० ते १०० किलोव्होल्टचं व्होल्टेज असतं, त्याने भुकटीला विद्युतभार मिळतो. चाक अर्थ केलेलं असतं, म्हणून भुकटी त्याला जाऊन बिलगते. मग चाक भट्टीत जातं. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटांत भुकटी वितळते, पसरते आणि तिची घट्ट जाळी तयार होते. थर ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे अंदाजे आपल्या केसाच्या जाडीचा. त्यात थिनर नाही, वास नाही, उडालेली भुकटी गोळा करून पुन्हा वापरता येते. खडे उडाले तरी साध्या रंगापेक्षा जास्त टिकते. मी हे सगळं सेमिनारसारखं बाबांना ऐकवलं. बाबांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, ‘‘बरं, जा विचारून ये.’’

मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका पावडर कोटिंगवाल्याकडे गेले. कपाटं, खिडक्यांचे ग्रिल, जिमचं सामान असं सगळं तिथे रंगायला येतं. भाव पेंटरच्या जवळजवळ दीडपट. मी म्हटलं चालेल. जाता जाता सहज विचारलं, ‘‘जुना रंग कसा काढता?’’

‘‘काही टेन्शन नाही मॅडम. भट्टीत जाळून टाकतो, मग ब्लास्टिंग. एकदम नवं चाक!’’

त्या ‘जाळून’ या शब्दापाशी मी अडखळले. कारण त्याच सेमिस्टरला आम्हाला मेटलर्जी होतं.

बहुतेक अलॉय व्हील्स ए-३५६ नावाच्या मिश्रधातूची ओतीव असतात. अ‍ॅल्युमिनियम, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. या चाकाची ताकद नुसत्या धातूत नसते, त्याला दिलेल्या हीट ट्रीटमेंटमध्ये असते. आधी सुमारे ५४० अंशांना तापवून पाण्यात झटकन थंड करायचं आणि मग १५५ ते १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचं. त्या मंद आचेवर मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूला बळकटी देतात. पुन्हा जास्त तापवलं की हेच कण मोठे होतात, त्यांची संख्या घटते आणि धातू मऊ पडतो. आईच्या भाषेत सांगायचं तर पाक पुढे गेला!

पावडरची एक भट्टी, १८० अंश आणि घड्याळ लावून १५ मिनिटं, यात फार नुकसान होत नाही. कारखान्यातही अनेक अलॉय व्हील्सवर पावडरचा थर असतोच. पण जुना रंग जाळायच्या भट्टीचं तापमान ४०० अंशांच्या आसपास असतं! स्टीलच्या रिमला त्याचं फारसं काही वाटत नाही. अलॉयची मात्र सगळी हीट ट्रीटमेंट तिथे धुऊन निघते. आणि गंमत म्हणजे बाहेरून काहीही दिसत नाही. उलट चाक नव्यासारखं चमकतं. रंग काढायला कॉस्टिकची टाकी वापरत असतील तर तेही स्टीलपुरतंच ठीक, अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा सरळ खातो.

मी घरी आले ती जरा शेपूट घालूनच. बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. (बोलले असते तर बरं झालं असतं!)

अलॉय सानपाड्याला पेंटरकाकांकडे गेली. त्यांचं काम म्हणजे हातांचं. टायर उतरवायचे, केमिकल लावून जुना रंग फुगवायचा, खरवडायचा, मग ओल्या पॉलिश पेपरने घासत बसायचं. आठवड्याने त्यांचा फोन आला. ‘‘ताई, एका चाकाला आतून रेघ दिसतेय. माझी नाही हां, आधीचीच आहे. लांबी भरून टाकू शकतो, पण तुम्ही एकदा बघून जा.’’

मी ते चाक कॉलेजच्या लॅबमध्ये आणलं. सरांनी डाय पेनिट्रंट टेस्ट करायला परवानगी दिली. चाक साफ करून लाल द्रव लावायचा, थोडा वेळ थांबायचं, पुसून टाकायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. बोटाच्या पेराएवढी, आतल्या कडेवर, जिथे खड्ड्याचा दणका बसतो तिथे. प्रॅक्टिकलला हीच टेस्ट मी ‘जर्नल पूर्ण करायचं म्हणून’ केली होती. त्या दिवशी मात्र ती रेघ बघून घशाला कोरड पडली. त्याच चाकावर आम्ही मागच्या वर्षी मुंबई-गोवा हायवेचे खड्डे आणि परशुराम घाट पार केला होता. मागच्या सीटवर आजी होती.

सर म्हणाले, ‘‘बरं झालं ब्लास्टिंग केलं नाहीस.’’ कारण काय, तर वाळू किंवा छर्‍यांच्या माऱ्याने अ‍ॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा पृष्ठभाग लिंपला जातो आणि बारीक चिरेचं तोंड बंद होतं. म्हणूनच पेनिट्रंट टेस्टच्या आधी ब्लास्टिंग करू नये असा नियम आहे. आणि त्यावर ८० मायक्रॉन पावडर चढली असती तर? ती चीर आम्हाला कधीच दिसली नसती.

म्हणून माझं मत आता असं बनलं आहे: स्टीलच्या रिमला पावडर कोटिंग आणि जुन्या, वापरलेल्या अलॉयला पेंट. पावडर वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाहीये. कारखान्याला आपल्या चाकाची जन्मपत्रिका पाठ असते. धातू कोणता, किती वेळा तापला, भट्टीचा पारा कुठवर गेला, सगळं नोंदलेलं असतं. नव्या डिझाइनच्या चाकाच्या थकव्याच्या आणि आघाताच्या चाचण्याही होतात. आपल्याकडे आलेल्या तिसऱ्या हातच्या चाकाची पत्रिका कुणाकडे असते? ते आधी किती वेळा भाजलं, कुठे ठोकून सरळ केलं, काही पत्ता नाही. अशा चाकाला पुन्हा आगीत घालण्यापेक्षा आगीशिवायचा रंग परवडला.

‘‘पण पेंट टिकत नाही!’’ हा माझ्या मित्रांचा नेहमीचा मुद्दा. मान्य आहे. पण फुटपाथला घासून पेंट गेला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. पावडरचा टवका उडाला तर नीट दुरुस्तीसाठी बहुधा सगळं चाक पुन्हा सोलायचं आणि पुन्हा भट्टी. शिवाय बारावीच्या फिजिक्समधला फॅरडे केज आठवतो का? चाकाच्या आऱ्यांमधल्या खोल कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र पोचत नाही, म्हणून भुकटीही नीट पोचत नाही. कडेला जाड थर आणि कोपऱ्यात उपास! स्प्रे गनवाला मात्र मनगट वळवून तिथे पोचतो.

पेंटची बाजू घेते म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून काकांनी उघडीप मिळेपर्यंत आम्हाला थांबवलं. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. १९८४ साली भोपाळला जो वायू सुटला तो याच कुळातला. हार्डनरमधला प्रकार तितका घातक नाही, पण त्याचा फवारा वर्षानुवर्षं छातीत गेला की दमा होऊ शकतो. आणि आमचे काका तोंडाला काय बांधतात, तर रुमाल! मी त्यांना कार्ट्रिजवाला मास्क नेऊन दिला. ‘‘गुदमरायला होतं ताई,’’ म्हणाले. पण मी समोर असेपर्यंत तरी घातला. आपण स्वस्तात काम करून घेतो तेव्हा फरकाचे पैसे कुणाच्या फुप्फुसातून जातात याचाही विचार करायला हवा. या एका मुद्द्यावर पावडर निर्विवाद जिंकते.

मग आमच्या चाकांचं काय झालं? चीर पडलेलं अलॉय मी वर्कशॉपमध्ये करवतीने आरपार कापलं आणि मगच भंगारात दिलं. नाहीतर कुणीतरी वेल्डिंग मारून पुन्हा विकलं असतं. बाकीची तीन टेस्टमध्ये पास झाली, रंगली, आणि चौथ्याची वाट बघत आता तुळशीखाली बसली आहेत. तुळशीखालच्या स्टीलच्या रिम्स मात्र तुर्भ्याच्या त्याच पावडरवाल्याकडे गेल्या. जाळा, ब्लास्ट करा, काय हवं ते करा! या वेळी मी प्रश्नांची यादीच घेऊन गेले होते. ब्लास्टिंगनंतर फॉस्फेटिंग करणार ना? खाली इपॉक्सीचा थर आणि वर पॉलिएस्टर पावडर देणार ना? (कपाटाची नुसती इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते.) नट बसतात ती भोकं आणि हबला टेकणारी बाजू टेप लावून कोरी ठेवणार ना? हे शेवटचं फार महत्त्वाचं. नटाखाली जाड थर राहिला तर तो हळूहळू दबतो आणि नट सैल होतो. म्हणून चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरने नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे. आम्ही पनवेलच्या पुढे थांबून तपासले. बाबांनी स्वतः रेंच धरला, मी आकडा वाचला.

संगमेश्वरला पोचलो तेव्हा काळ्या साध्या रिम्स बघून चुलतभाऊ म्हणाला, ‘‘काय गं, इंजिनीअर झालीस आणि गाडीची शोभा घालवलीस?’’ मी त्याला मोबाईलमधला त्या लाल रेघेचा फोटो दाखवला. तो जरा वेळ बघत राहिला, मग स्वतःच्या गाडीकडे गेला आणि चाकाच्या आत वाकून बघू लागला.

मंडळी, दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाला कुंकू लावतो. यंदा हार घालण्याआधी एकदा टॉर्च घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला बघा. आणि कुणी ‘एकदम नवं करून देतो’ म्हणालं, तर जुना रंग कसा काढणार एवढं नक्की विचारा. बघा, पटतंय का!