दूध आटत नाही, वेळ आणि आडोसा मिळत नाही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. चर्चा झाली ती पगाराची, पीएफची, कामाच्या तासांची. बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या आईसाठी त्यात काय आहे, यावर आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा कुणी अक्षर काढलं नाही. ज्यांना विचारायचं होतं त्या लाजेने गप्प राहिल्या.

खरं तर सामाजिक सुरक्षा संहितेतली ही तरतूद नवी नाहीच. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यातली २०१७ ची दुरुस्ती, तेच इथे आलंय. पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे पगारी रजा, त्यानंतरच्या मुलाला १२. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय रोज दोनदा दूध पाजायला वेळ. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. रजेसाठी नोकरी कायम असण्याची अट नाही. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं.

पण दुकान किंवा आस्थापनेत दहा माणसं असतील तरच हे लागू. म्हणजे दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये काम करणारी, घरी बसून जरीकाम करणारी, शिकवण्या घेणारी आमची बहीण यात बसतच नाही. जी बसते तिचा करार अकरा महिन्यांचा. रजेचा विषय काढला तर पुढचा करार होईल का, हीच धास्ती. मग ती अडीच-तीन महिन्यांचं बाळ नानीजवळ ठेवून हजर होते, आणि पंधरा दिवसांत घरात सुरू होतं: "हिचं दूध आटलं. नजर लागली असेल."

नजर नव्हे. दूध मागणीवर बनतं. बाळ ओढतं किंवा हाताने काढलं जातं तेवढी शरीराला खूण मिळते. सकाळी सात ते दुपारी दोन छाती भरलेलीच राहिली तर शरीर समजतं, आता एवढ्याची गरज नाही, आणि बनवणं कमी करतं. हरीरा, अळिवाची खीर, मेथीचे लाडू खुशाल द्या, बाळंतिणीला ताकद हवीच. पण दूध बाहेर निघालं नाही तर एकट्या हरीऱ्याने काही होत नाही.

म्हणून कामावर असताना साधारण दर तीन तासांनी दूध काढणं, हाच खरा उपाय. इथेच गाडी अडते. कायदा वेळ देतो, पण बाळ घरी असेल तर आईने बसायचं कुठे? आमच्या ओळखीच्या एका तरुण शिक्षिकेने महिनाभर शौचालयात उभं राहून दूध काढलं आणि तिथेच ओतून दिलं. पर्दा पाळणाऱ्या बाईला आतून कडी लागणारी खोली नसेल तर तिचा हक्क कागदावरच राहतो. एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष होऊ शकतो, मग आमच्याच समाजाच्या संस्थांनी चालवलेल्या शाळांत एक पडदा का नाही? हे विचारायला आम्हालाही इतकी वर्षं लागली, ते कबूल.

सूरह बकराची २३३ वी आयत आमच्या बयानांत नेहमी येते, पण अर्धीच. दोन वर्षं दूध पाजण्याची गोष्ट आईला ऐकवली जाते. त्याच आयतीत तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे, बाळापायी आईला त्रास होऊ नये असं आहे, आणि दोघांच्या संमतीने आधी दूध सोडवलं तर गुन्हा नाही असंही आहे. तेव्हा पंप घ्यायचा खर्च कुणाचा, हा प्रश्न घरात पडायलाच नको. काढून ठेवलेलं दूध चालतं का, असंही काहीजणी हळूच विचारतात. आईचं दूध तिच्याच बाळाला, इथे रिजाअतचा पेच येतच नाही. तो दुसऱ्या बाईच्या दुधाबाबत येतो.

हजर व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दूध काढायचा सराव करावा. पंप नसेल तर स्वच्छ धुतलेले हात आणि उकळलेलं झाकणाचं स्टीलचं भांडं पुरतं. आमच्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवलेलं दूध चार तासांत संपवावं. फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, ते दिवसभर नक्की टिकतं. गॅसवर तापवू नये, कोमट पाण्यात भांडं धरावं. दादी-नानीने बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावं, म्हणजे बाळ छातीशी यायला कुरकुरत नाही. निघताना आणि आल्याबरोबर अंगावर पाजावं. रात्रीचं पाजणं तर सोडूच नये, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. त्या बदल्यात सकाळचा डबा आणि भांडी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावीत. रात्री तीनदा उठलेल्या बाईकडून पहाटे पाचला पोळ्यांची अपेक्षा करणारं घरही दूध आटवतं.

त्या शिक्षिकेने शेवटी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला. आम्ही तिघींनी खाली सह्या केल्या. प्रयोगशाळेमागची सामानाची खोली रिकामी झाली, आतून कडी बसली, एक खुर्ची आली. खर्च झाला तो कडीचा. बाळ आता दहा महिन्यांचं आहे, खिमटी खातं आणि अम्मीचं दूधही पितं. जूनपासून त्या खोलीत आणखी एक बाजी बसणार आहे.