बिऱ्हाड पाठीवर, पाटी मांडीवर

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचं पत्र आलं. यजमान रस्त्याच्या कंत्राटावर, दर चार-पाच महिन्यांनी गाव बदलतं. मुलं पाच आणि सात वर्षांची. ‘ताई, घरीच शिकवावं म्हणते, पण सुरुवात कशी करू?’ असं त्या विचारतात.

पत्र वाचलं आणि आमचेच दिवस आठवले. आता आम्ही रोह्याजवळ वरसे गावी स्थिरावलोय. पण त्याआधी दोन वर्षं आमचंही विंचवाचं बिऱ्हाड होतं. ह्यांचं काम विजेचे मनोरे उभारण्याचं. एका गावचं काम संपलं की आमची वळकटी पुढच्या गावाला.

पहिल्या गावी मी मोठ्या उत्साहानं भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. साडेदहा ते अकरा मराठी, अकरा ते साडेअकरा गणित! मी बी. ए. झालेली, थोडंफार शिकवलेलं. म्हटलं, घरची दोन मुलं म्हणजे काय, हातचा मळ! तिसऱ्याच दिवशी धाकटीनं पाटी आपटली आणि थोरला म्हणाला, ‘‘आई, तू बाई झालीस की मला आवडत नाहीस.’’ त्या दिवशी भातही करपला आणि मीही रडले.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक काढून टाकलं. वेळ मात्र एकच ठेवली: सकाळच्या चहानंतर, चूल पेटवण्याआधी. थोरल्याला एक तास, धाकटीला वीस मिनिटं पुरे. बाकीचं शिक्षण दिवसभर चालतं. आठवड्याच्या बाजारात पाव किलो, अर्धा किलो आणि सुटे पैसे शिकून होतात. चिंचोके मोजून बेरीज होते. रात्री तीन ओळींची वही: आज काय पाहिलं? धाकटी सांगायची, मी लिहायची. मग तीच ओळ ती बोट ठेवून ‘वाचायची’.

वाचन खरं सुरू झालं ते आगगाडीत. माझं माहेर रोह्याचं. कोकण रेल्वे इथूनच सुरू होते. १९९८ साली ती थेट मंगळुरूपर्यंत पूर्ण झाली. रत्नागिरीकडून पॅसेंजरनं येताना फलाटावरच्या पाट्या म्हणजे मोठ्या अक्षरांची अंकलिपीच! वीर, गोरेगाव रोड, माणगाव, इंदापूर, कोलाड, रोहा. ‘वीर’ दोनच अक्षरांचं, म्हणून धाकटीनं ते सगळ्यात आधी वाचलं, आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकवलं. थोरला पाट्यांवरची समुद्रसपाटीपासूनची उंची टिपून घ्यायचा आणि वजाबाकी करायचा. मी काही सांगितलं नव्हतं.

पण माझी एक चूकही सांगते. मुलांचं नाव शाळेच्या पटावर ठेवण्याकडे मी लक्ष दिलं नाही. पुढे एका शाळेत आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून आम्हाला दोन आठवडे फिरवलं. तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे हेडमास्तरांना नम्रपणे, पण ठामपणे सांगावं.

आणि गाव बदललं की दोन दिवसांत शेजारची मुलं घरात आलीच पाहिजेत. भावंडं एकमेकांना पुरतात हे काही खरं नव्हे.

हे सगळं जमलं, कारण मुलांशेजारी बसायला लिहिता-वाचता येणारी आई होती. हे मला उमगलं ते इथे आल्यावर. मी आता अर्धवेळ शिकवते. दिवाळीनंतर वर्गातली कातकऱ्यांची एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, उद्यापासून मी नाय येणार. भट्टीवर जायचंय.’’ आमच्या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. प्रवास तिचाही, पण तिची आई निरक्षर, आणि दिवसभर विटा थापल्यावर मुलीला जवळ घेऊन बसायचं त्राण कुठून आणणार?

मी तिला एक वही दिली. ‘‘रोज एक ओळ लिही, नाहीतर चित्र काढ.’’

जूनमध्ये ती वही घेऊन आली. अकरा पानं उरली होती. बाकीची चुलीत गेली. पानांवर नुसत्या रेघा. शंभर विटांना एक रेघ, दहा रेघांचा हजार. मजुरी हजारावर मिळते, म्हणून बापानं हिशेब तिच्याकडे दिला होता. जोडाक्षरं ती साफ विसरली होती. पण हिशेब एका रेघेनंही चुकला नव्हता. तिथूनच मी गणित पुढे सुरू केलं. जोडाक्षरांना मात्र गणपती उजाडले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला हेच ओळखलं होतं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा नेली. आज गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी शाळेकडून ‘शिक्षण हमी पत्रक’ मिळतं. ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. निघण्यापूर्वी मागून घ्यायला हवं, एवढंच.

तेव्हा मैत्रिणी, एक पत्र्याची पेटी घ्या. तिच्यात बालभारतीची पुस्तकं, पाटी, चिंचोके, चार गोष्टींची पुस्तकं आणि एक चेंडू ठेवा. मुलांचं नाव पटावर ठेवा. आणि उद्या सकाळच्या चहानंतर बसा.

बाकीच्या भगिनींनो, तुमच्या घराजवळ भट्टी असेल तर एक वही आणि पेन्सिल तिकडे पोचवा. चुलीत गेली तर दुसरी द्या.