'लुकिंग फॉरवर्ड' बरोबर लिहा, पण तारीखही लिहा!

कोटेशनच्या ई-मेलचं शेवटचं वाक्य काढून बघा. कंधारहून गेलेलं असो की पुण्याहून, बऱ्याचदा ते असंच असतं: 'आय एम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' यात 'हिअर' चूक आहे. तिथं 'हिअरिंग' पाहिजे.

हे का होतं? आपण मनात मराठीत बोलतो. 'ऐकायला' म्हणजे 'टू हिअर', 'भेटायला' म्हणजे 'टू मीट', असा सरळ हिशोब लावतो. पण इथला 'टू' हा 'लुक फॉरवर्ड'ला जोडलेला आहे. त्याच्यापुढं नाम लागतं. युक्ती सोपी आहे. तिथं 'युअर रिप्लाय' घालून बघा. बसलं ना? मग क्रियापदाला 'इंग' लावायचंच: टू हिअरिंग फ्रॉम यू, टू मीटिंग यू. आणि 'आय एक्सपेक्ट युअर रिप्लाय' शक्यतो टाळा. मराठीत 'उत्तराची अपेक्षा आहे' नम्र वाटतं, इंग्रजीत तेच हुकूम सोडल्यासारखं वाटतं.

आता माझं स्पष्ट मत. व्याकरण सुधारलं तरी काम अर्धंच झालं. हे वाक्य म्हणजे नुसता शिष्टाचार. काय पाहिजे, कधी पाहिजे, हे त्यात कुठंच नाही. म्हणून त्याच्या आधी एक ओळ टाका: 'हा दर 20 तारखेपर्यंत लागू आहे. ऑर्डर तोपर्यंत कळवावी.' आणि पैशाचं ऑर्डर घेतानाच लेखी ठरवा: 'माल स्वीकारल्यापासून 30 दिवसांत पेमेंट.'

लेखी शब्दाला कायद्यातही वजन आहे. एमएसएमई विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. हा हक्क माल तयार करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाराला नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी माल पाठवायच्या आधीच करून ठेवा.

आणि हो, समोरचा मराठी असेल तर सरळ मराठीत लिहा: 'शुक्रवारपर्यंत कळवा, वाट बघतो.' यात 'इंग'ची भानगडच नाही!